म्हातारीचा नवा सायलेन्सर

यंत्राची मनापासून सेवा केली तर यंत्र माणसाला ऐन वेळी कधीही दगा देत नाही, हा एरॉल नॅनकिव्हेलच्या आयुष्याचा सिद्धान्त होता, आणि तो सांगताना त्याचा एक पाय बहुधा किकवर असे. सिद्धान्ताच्या पहिल्या अर्ध्याला एक किक, दुसऱ्या अर्ध्याला एक. मग थोडा दम, चोक आत-बाहेर, टाकीला दोन थपडा. आणि 'दगा' हा शब्द तोंडातून निघेपर्यंत किकचा दांडा उलटा येऊन नडगीवर बसलेला असे. नडगीवर त्या जागी केस उगवणं केव्हाच थांबलं होतं.

मोटारसायकल पोस्टाची होती, म्हणजे एके काळी. मुलारी गावच्या पोस्टमनने पत्रं वाटून वाटून तिला जेरीला आणली, पोस्टाने लिलावात काढली आणि एरॉलने घेतली. लाल रंग उन्हाने विटून कौलासारखा झाला होता. पुढच्या दिव्याच्या जागी नुसतीच खोबण उरली होती, तिच्यात एरॉल कुंपणाच्या तारेचे तुकडे ठेवी. सीटवर मेंढीचं कातडं, आणि टाकीवर, एरॉलच्या दोन हातांच्या मध्ये, टिन नावाचं कुत्रं बसे. गाडीला एरॉल म्हातारी म्हणे. त्याची बायको ग्वेन त्याबद्दल काही म्हणत नसे. पण 'म्हातारी आज फार खोकत होती' असं तो फोनवर कुणाला सांगू लागला की स्वयंपाकघरात एखादं भांडं जरा जोरात खाली येई.

म्हातारीचा आवाज वेगळा होता. सायलेन्सरच्या पोटाला कधीतरी दगड लागून भोक पडलं होतं, ते गंजत गंजत मुठीएवढं झालं, आणि शेपटाकडे आणखी एक. त्यामुळे इतर गाड्या नुसत्या फट-फट करतात तिथे ही फट-फट-ढुप करी. दोनदा फट, आणि मग पोटातून आल्यासारखं एक ढुप. माळ सपाट, मध्ये आवाज अडवायला झाड नाही. ढुप थेट शेजारच्या क्लेम नोस्केच्या अंगणात जाऊन पडे, आणि शेजार म्हणजे तिथे गाडीने बराच वेळ लागतो एवढा.

"एरॉल, गड्या," क्लेम फोनवर म्हणे, "तू फाटकाबाहेर पडलास की इकडे माझ्या कोंबड्या अंडी आत ओढून घेतात."

क्लेमची मोटारसायकल नवी होती, बटण दाबलं की सुरू होणारी. अशा गाडीबद्दल आपल्याला एक शब्दही बोलायचा नाही, हे एरॉल तासभर सांगत बसे.

पाऊस न पडल्याचं तिसरं वर्ष सरत आलं होतं. खारी झुडपं मेंढ्यांनी बुंध्यापर्यंत ओरबाडली होती. नॅनकिव्हेलांनी कळप विकत विकत आणला होता, आणि आता फक्त तरण्या, गाभण मेंढ्यांचा एक कळप मागे ठेवला होता. पाऊस आलाच तर पुन्हा उभं राहायला हे बियाणं. ते गेलं तर या माळावर राहायचं कारण राहत नव्हतं, आणि हे दोघांनी एकमेकांना कधी सांगितलं नव्हतं, इतकं ते दोघांना ठाऊक होतं.

रोज सकाळी एरॉल कॅरिअरवर जवाचं पोतं आडवं बांधी, त्याचा एक कान चाकूने कापी आणि कुरणातून चालण्याच्या वेगाने गाडी नेई. मागे जवाची बारीक रेघ पडत जाई आणि मेंढ्या त्या रेघेला तोंडं लावून उभ्या राहत. सुरुवातीला त्यांना शोधावं लागायचं. पुढे पुढे फाटकापाशी म्हातारी सुरू झाली की माळाच्या दुसऱ्या टोकाला धूळ उठू लागे.

"ओळखतात मला," एरॉल म्हणे.

"तोंडावरून?" ग्वेन विचारी.

लोकरीची कातरणी आली. मेंढ्या शेडभोवतीच्या वाड्यांत कोंडल्या, दाणा तिथेच डोण्यांतून दिला, त्यामुळे म्हातारीला सुट्टी मिळाली. आणि कातरणी चालू असतानाच एरॉलचा वाढदिवस पडला. ग्वेनने त्याच्यापुढे गोणपाटात गुंडाळलेली, रिबीन बांधलेली एक लांबोडकी वस्तू ठेवली.

"हे काय?"

"कानाला लाव," ग्वेन म्हणाली. "काही ऐकू येतंय?"

"नाही."

"तेच आहे ते."

तो सायलेन्सर होता. कोरा, काळा, चकचकीत. ग्वेनने पोस्टाच्या जुन्या गाड्यांचे भाग विकणारा कुणी गाठला होता, चार फोन केले होते आणि टपालाच्या ट्रकवरून तो गुपचूप मागवला होता.

"सकाळी बातम्या संपून हवामान सुरू झालं की तू किक मारतोस," ती म्हणाली. "या देशात कुठेतरी पाऊस पडतोय एवढं मला रोज कळतं. कुठे, ते ढुपमध्ये जातं."

सिद्धान्त माणसाकडे पुष्कळ दिवस असला तरी त्याप्रमाणे वागायची वेळ क्वचित येते. ती आली आहे असं एरॉलला वाटलं. कातरणारे गडी मेंढ्यांवर वाकलेले असताना तो शेडच्या मागे म्हातारीवर वाकला. साखळी काढून रॉकेलमध्ये धुतली. हवेची जाळी पेट्रोलने साफ केली. प्लग नवा बसवला, पॉइंटना पॉलिशपेपर मारला, क्लचच्या तारेत तेल सोडलं. गंजलेला सायलेन्सर काढताना त्याचे तीन तुकडे झाले, ते त्याने भंगाराच्या खड्ड्यात टाकले. नव्याचे नट पान्याला लोंबकळून आवळले. आणि मग त्याने असं एक काम केलं जे त्या शेडमध्ये पूर्वी कुणी केलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ग्वेनने भिंतीवर प्रत्येक हत्याराभोवती पांढऱ्या रंगाने रेघ ओढली होती, म्हणजे कुठलं कुठे टांगायचं ते कळावं. तेव्हापासून भिंतीवर पान्यांच्या नुसत्या आकृत्या होत्या आणि पाने म्हातारीच्या सीटखाली. एरॉलने एकेक पाना पुसून आपल्या आकृतीत टांगला. मागे सरून पाहिलं. भिंत पहिल्यांदाच भरलेली दिसत होती.

म्हातारी एका किकमध्ये सुरू झाली. एरॉलने दुसरी किक मारायला पाय उचलला होता, तो तसाच हवेत राहिला.

गडी ट्रक भरून पुढच्या कातरणीला गेले. मेंढ्या माळावर सोडल्या. लोकर उतरली की मेंढी अर्धी होते. पांढऱ्या, हाडं दिसणाऱ्या, कातरीच्या लाल ओरखड्यांच्या, त्या एकमेकींकडे ओळख नसल्यासारख्या पाहत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एरॉल पोतं घेऊन गेला तर त्यांनी माना वर केल्या, थोडा वेळ बघितलं आणि पाठ फिरवून चालू पडल्या.

"कातरल्यावर रुसतात," त्याने टिनला सांगितलं. जवाची रेघ ओढून ठेवली आणि घरी आला.

घराच्या पायरीपाशी ग्वेन उभी होती. कमरेला ओला हात पुसत होती.

"गाडी बंद कर आणि इकडे ये. चालू आहे का ती?"

"चालू आहे."

"मला कळलंच नाही. ऐक. हवामान सांगितलं. संध्याकाळच्या आत नैर्ऋत्येकडून वारा, गारठा, पाऊस. नुकत्या कातरलेल्या मेंढ्यांना धोका आहे, म्हणाला. दोनदा म्हणाला."

एरॉलने आकाशाकडे पाहिलं. आकाश निळं होतं, तीन वर्षं असायचं तसं निळं. पण पवनचक्कीने तोंड फिरवलं होतं.

तीन वर्षं ज्याला हाका मारल्या तो पाऊस नेमका मेंढ्यांच्या अंगावर कपडा नसताना येणार होता. उपाशी, गाभण, उघडी मेंढी भिजली आणि तिला वारा लागला की एका रात्रीत जाते. शेड आणि ओढ्याकाठची झाडी, दोन्ही माळाच्या नैर्ऋत्येला होती, म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर. आणि थंडीत मेंढी वाऱ्याला पाठ करते आणि चालत सुटते, कुंपण लागेपर्यंत. माळाच्या ईशान्य टोकाला तारेचा कोपरा होता. एरॉलच्या बापाच्या वेळी त्या कोपऱ्यात एकदा मेंढ्यांची भिंत झाली होती. खालच्या गारठ्याने नव्हत्या मेल्या, वरच्यांच्या वजनाने मेल्या होत्या. त्यानंतर बाप पुष्कळ दिवस त्या बाजूच्या खिडकीकडे पाठ करून जेवायचा.

"पोतं घे आणि पुढे चाल," ग्वेन म्हणाली. "येतील मागे. रोज येतात."

"येतील," एरॉल म्हणाला. सकाळचं त्याने सांगितलं नाही.

"मी क्लेमला फोन करते."

"त्याला कशाला? त्याच्या पण कातरलेल्याच आहेत."

"आधी त्याच्या आत घालेल, मग येईल."

"मग येईल आणि मग बोलेल," असं म्हणून एरॉलने पोतं बांधलं.

कुरणात पोचेपर्यंत नैर्ऋत्येला पाटीसारखा ढग उभा राहिला होता. वारा अजून जोराचा नव्हता, पण त्याला धार होती. कॉलरच्या आतून तो मानेवर पाण्याच्या ओघळासारखा उतरत होता. टिन टाकीवर नाक वर करून बसलं होतं. एरॉलने पोत्याचा कान कापला आणि कळपाच्या पुढून, वाऱ्याच्या तोंडाने, हळू गाडी नेली. जव पडत होता. म्हातारी घड्याळासारखी चालली होती. त्याने मागे वळून पाहिलं.

एकही मेंढी हलली नव्हती. सगळ्या माना ताठ करून त्याच्याकडे बघत होत्या, परक्या माणसाकडे बघावं तशा. तो वळून जवळ गेला, तशी पुढची मेंढी उडाली आणि तिच्यामागे सगळा कळप पळाला. खाली. कोपऱ्याच्या दिशेने.

"अगं, मी आहे," एरॉल म्हणाला.

मग त्याने वळसा घालून मागून हाकायचं ठरवलं. टिनने उडी मारली. म्हातारं असलं तरी कुत्रं कामाचं होतं. पोट जमिनीला लावून ते एका बाजूने, एरॉल गाडीवरून दुसऱ्या बाजूने. कळप वळला. थोडा वर चढला. एरॉलचा डावा खुबा खडबडीत जमिनीवर प्रत्येक हिसक्याला कळ देत होता, आणि तो तोंडाने हो-हो करत होता. तेवढ्यात वाऱ्याचा पहिला खरा झोत आला. पुढच्या मेंढ्यांच्या तोंडावर बसला. त्या थांबल्या, मागच्या त्यांच्यावर आदळल्या, आणि सगळा कळप पाण्यासारखा दोघांच्या मधून खाली वाहून गेला. टिन त्यात सापडलं आणि तीन पायांवर बाहेर आलं.

पुन्हा वळसा, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला दगडावर चाक घसरून एरॉल आडवा झाला आणि गाडी त्याच्या पायावर. तो थोडा वेळ तसाच पडून राहिला, कारण पडून राहणं बरं वाटत होतं. मग त्याने गाडी उचलली. एका किकमध्ये सुरू झाली. म्हातारी जन्मात इतकी चांगली चालली नव्हती आणि इतकी निरुपयोगीही ठरली नव्हती. पावसाचा पहिला थेंब त्याच्या हाताच्या पाठीवर पडला. तीन वर्षांनी पडलेला थेंब त्याने पँटला पुसला.

त्याला काय झालंय ते कळू लागलं होतं. पण ती वाढदिवसाची भेट होती. म्हणून तो ते स्वतःला कळू देत नव्हता.

पिकअप आली. तिचा रिव्हर्स गिअर गेलेला होता, म्हणून ग्वेनने मोठी प्रदक्षिणा घालून ती वाऱ्याच्या तोंडाला उभी केली. मागे जवाची दोन पोती, पहार, एरॉलचा मेणकापडी कोट. मेंढ्यांनी पिकअपकडे पाहिलंही नाही.

"कधीची शोधतेय तुला!" ती वाऱ्यात ओरडून म्हणाली. "कोपऱ्यावर गेले, मग वर गेले. एरवी घरात बसून कळतं मला तू कुठे आहेस. मी बटाटे त्यावरून चढवते. काल पण तुला चहा गार मिळाला तो त्यामुळेच, मला काही ऐकूच..."

ती थांबली. दोघांनी खाली पाहिलं. नवा सायलेन्सर पावसाने आणखीच चकाकत होता.

"अरे देवा," ग्वेन म्हणाली.

"तसंच काही नसेल," एरॉल म्हणाला.

"काढ तो."

"नट आवळलेत."

"मग पाना लाव."

"पाने भिंतीवर आहेत."

"कुठल्या भिंतीवर?"

"तुझ्या. प्रत्येक आपापल्या जागी."

ग्वेनने त्याच्याकडे असं पाहिलं की पाऊस त्यापेक्षा ऊबदार वाटावा. "इतक्या वर्षांत," ती म्हणाली, "तुला आजच मुहूर्त सापडला."

खाली कळप आपोआप सरकत होता, पाठी वाऱ्याकडे करून, तोंडं खाली. एक मेंढी बसली होती. बसलेली मेंढी म्हणजे अर्धी गेलेली. ग्वेन पिकअपकडे गेली आणि पहार घेऊन आली.

"आडवी धर."

"ग्वेन, तू हौसेने..."

"आडवी धर म्हणते ना."

एरॉलने गाडी आडवी धरली. ग्वेनने पहार दोन्ही हातांनी वर उचलली आणि टोकाने मारली. पहार घसरली, सायलेन्सरवर एक पांढरा ओरखडा उठला. दुसऱ्या घावाला खळगा पडला.

"मजबूत आहे," एरॉल म्हणाला. कौतुक करावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

"विकणारा म्हणाला होता, तुमच्या नवऱ्यापेक्षा जास्त टिकेल," ग्वेन दम खात म्हणाली. तिसरा घाव तिने कशाच्या तरी नावाने मारला. पत्रा फाटला. तिने पहार आत घालून गोल फिरवली. "सुरू कर."

एका किकमध्ये. फट-फट-फट-फट.

दोघं कान देऊन उभी राहिली. खाली दोन-चार मेंढ्यांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या.

"ढुप नाही," ग्वेन म्हणाली.

"जवळजवळ तसाच आहे."

"काय जवळजवळ? ढुप कुठाय? मी रोज ऐकलाय तो, तू त्याच्यावर बसलेला असायचास. ढुप मागून यायचा. शेपटाकडून. बंद कर."

तिने शेपटाकडे पहार टेकवली. आता मारायची घाई नव्हती तिला, चष्मा लावून सुई ओवावी तशी ती वाकून जागा बघत होती, आणि पाऊस तिच्या मानेवरून कोटात शिरत होता. एक घाव. लहान भोक. "सुरू कर." फट-फट-टुप. "बारीक आहे. बंद कर." पहारीने ओठ बाहेर वाकवला. "आता."

फट-फट-ढुप.

ग्वेनने बोट वर केलं. फट-फट-ढुप. फट-फट-ढुप. आधी तो कान पाडून बसलेल्या टिनला कळला. मग खाली कळपात एक मान वर झाली. मग तिच्या शेजारची. मग वाऱ्याकडे पाठ करून चाललेले ते सगळे उघडे पांढरे आकार थांबले आणि हळूहळू, पावसाच्या तोंडावर तोंड करून, वळले.

"जा," ग्वेन म्हणाली. "थांबू नकोस. मी मागून बसलेल्या उचलते."

एरॉल निघाला. मागे वळून बघायची त्याची छाती नव्हती. बघितलं तर हँडल हलेल, हँडल हललं तर पडू, पडलो तर आवाज बंद. तो कानांनी बघत होता: ढुपच्या पाठीमागे खुरांची एक मऊ, ओली सळसळ यायला लागली, वाढत गेली. पहिला गिअर, चालण्याचा वेग, वारा समोरून छातीवर हात ठेवून ढकलल्यासारखा. पाऊस आता आडवा होता. डोळे उघडे ठेवले तर टोचत होता, मिटले तर रस्ता जात होता, म्हणून त्याने एक मिटला. बोटं बधिर झाली. क्लच दाबलाय की नाही ते तो हाताकडे बघून ठरवत होता. खुब्यात कोणीतरी पहार फिरवत होतं. पोत्यातला जव भिजून कानाशी अडकला होता आणि रेघ पडत नव्हती, पण मेंढ्या जवाच्या मागे येतच नव्हत्या. त्या ढुपच्या मागे येत होत्या.

माळाचा मधला भाग ओलांडला तेव्हा म्हातारी खोकली.

प्लगवर पाणी. एरॉलने डोक्यावरची हॅट काढून एका हाताने सिलिंडरवर धरली. हॅटच्या कडेवरून पाणी बोटावर, बोटावरून प्लगच्या टोपीवर, आणि विजेचा झटका खांद्यापर्यंत. त्याने हात काढला, गाडी खोकली. हात ठेवला, झटका. मग तो झटके खात चालला. दर झटक्याला त्याच्या तोंडून ग्वेनने न ऐकलेला एक शब्द निघत होता.

फाटक दिसलं. पलीकडे शेड, शेडच्या पलीकडे झाडी. फाटक सताड उघडं होतं आणि त्याच्याशी कोणीतरी दिवा लावून उभं होतं. अजून थोडंच. आणि तिथे, नवा प्लग, धुतलेली जाळी, पॉलिशपेपर मारलेले पॉइंट घेऊन, म्हातारीने एक दीर्घ ढुप केला आणि ती बंद पडली.

किक. काही नाही. किक. दांडा उलटा येऊन नडगीवर बसला, जुन्या जागी. मागे सळसळ थांबली. त्याने आता वळून पाहिलं. सगळा कळप तोंड वर करून त्याच्याकडे बघत उभा होता, पावसात, पांढरा, थरथरणारा. कडेच्या एका मेंढीने वाऱ्याकडून तोंड फिरवलं. दुसरीने तिच्याकडे पाहिलं.

एरॉल नॅनकिव्हेल हा कधी आवाज न चढवणारा माणूस होता. चर्चमध्ये तो स्तोत्रं गाताना फक्त ओठ हलवी. तो गाडीवरून उतरला, हँडल धरलं, खुबा आवळून गाडी ढकलायला लागला, आणि घसा ताणून, छातीच्या तळातून ओरडू लागला:

"फट-फट-ढुप! फट-फट-ढुप!"

मेंढीने तोंड परत फिरवलं.

फाटकाशी दिवा धरलेला माणूस क्लेम नोस्के होता. आपल्या मेंढ्या आत घालून, बटणावर सुरू होणाऱ्या गाडीवर बसून तो मदतीला आला होता. पावसातून एक बोडका म्हातारा मोटारसायकल ढकलत, फट-फट-ढुप करत त्याच्यासमोरून चालत आला.

"एरॉल?" क्लेम म्हणाला.

एरॉलला थांबता येत नव्हतं. त्याने नुसत्या हाताने फाटक दाखवलं. "फट-फट-"

"फाटक धरू का मी?"

"-ढुप," एरॉल म्हणाला.

क्लेमने फाटक धरलं. त्याच्या अंगावरून, पायांना घासत, मेंढ्या आत जात राहिल्या, खांबांवर उचललेल्या शेडच्या खाली, फळ्यांच्या जाळीदार जमिनीच्या आडोशाला, एकमेकींना चिकटून. मागून पिकअप आली. ग्वेनने बसलेल्या मेंढ्या मागे भरल्या होत्या, आणि एक, बहुधा खूप रडणारी, पुढच्या सीटवर टिनच्या शेजारी. सगळ्या आल्या नव्हत्या. काही खाली कोपऱ्याकडेच राहिल्या, आणि त्यांना आणायला जाण्यात अर्थ नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं. पण कळप आत होता. बियाणं आत होतं.

शेडच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की जवळ येऊन बोलावं लागत होतं. क्लेमने थर्मासमधला चहा एरॉलच्या हातात दिला. एरॉलच्या बोटांना कप धरता येईना, म्हणून त्याने तो दोन मनगटांत धरला.

"एक विचारू का, गड्या?" क्लेम म्हणाला.

"नको."

"त्या मॉडेलला पेट्रोल किती लागतं? नाही, म्हणजे ओरडून चालवायचं असेल तर..."

"क्लेम, घरी जा," ग्वेन म्हणाली. "तुझी बायको वाट बघत असेल."

"जातो. पण मुलारीत हे मी सांगणार. तेवढं मला पाहिजे." तो गेला. पावसात त्याच्या गाडीचं बटण चार वेळा वाजलं तेव्हा कुठे ती सुरू झाली, आणि एरॉलच्या चेहऱ्यावर दिवसातलं पहिलं समाधान दिसलं.

ग्वेन म्हातारीपाशी उकिडवी बसून भोकांवरून बोट फिरवत होती. कडा आत-बाहेर वळल्या होत्या. काळा रंग टवके उडून गेला होता.

"रिबीन पण मी चांगली बांधली होती," ती म्हणाली.

एरॉलला काहीतरी मोठं बोलावंसं वाटलं. अख्खं आयुष्य आपण यंत्राची सेवा करायची असते असं समजत आलो, आणि एकदाच ती नीट केली, तर. उलट, जे बिघडलेलं होतं त्याच्यावरच सगळं चाललेलं होतं, मेंढ्यांचं, बटाट्यांचं, आणि एकूणच घराचं. यात एक नवा सिद्धान्त होता, पहिल्यापेक्षा खोल. तो कप खाली ठेवून घसा खाकरून तयार झाला.

"ग्वेन," तो म्हणाला, "माणसाला ज्या गोष्टीचा त्रास होतो ना..."

"एरॉल."

"काय?"

"आजचा इशारा मला ऐकू आला तो हा सायलेन्सर होता म्हणून," ग्वेन भोकात बोट घालून म्हणाली. "तर सकाळी हवामान संपेपर्यंत तेवढी किक मारू नकोस."